जिभेवरचा डाग आणि पहिल्या दिवसाची नोंद

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की बीरगावची दाट वस्ती लागते आणि तिला चिकटूनच उरल्याचे औद्योगिक क्षेत्र. रोलिंग मिल, फेरो अलॉय, ओतकामाचे कारखाने, आणि त्यांच्याभोवती भाड्याच्या खोल्यांत राहणारी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा आणि छत्तीसगडच्याच खेड्यांतून आलेली कुटुंबे. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जिथे काजळी बसते, तिथे नवजात बाळाच्या जिभेवर काळसर डाग दिसला तर पहिला संशय धुरावर जाणार हे उघड आहे. दुसरा जातो आईने गरोदरपणात घेतलेल्या लोहाच्या गोळ्यांवर. घरात वडीलधारे असतील तर तिसरा जातो न पाळलेल्या एखाद्या ग्रहणावर. तिघेही निर्दोष आहेत.

हा डाग मेलॅनिनचा असतो. त्वचेला, केसांना आणि डोळ्यांना रंग देणारे तेच रंगद्रव्य जिभेच्या वरच्या आवरणाच्या तळाशी एखाद्या जागी जरा जास्त साठते, आणि तपकिरी, काळपट किंवा निळसर-काळा ठिपका दिसतो. कधी एक, कधी तीन-चार. बोट फिरवले तर हाताला काही लागत नाही, कारण डाग सपाट असतो. पुसून जात नाही, दुखत नाही, दूध ओढायला आड येत नाही. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००३ साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ डर्मॅटॉलॉजी’ या नियतकालिकात अशा चार बाळांची हकीकत मांडली आणि त्याला ‘कंजेनायटल लिंग्वल मेलॅनोटिक मॅक्यूल’, म्हणजे जिभेवरचा जन्मजात सपाट रंगडाग, असे नाव दिले. बाळे एरवी ठणठणीत होती. डाग मूल वाढेल त्या प्रमाणात वाढत होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगद्रव्याच्या साठ्यापलीकडे घातक असे काही दिसले नाही. नंतर जगात इतरत्रही अशा तुरळक नोंदी झाल्या.

मग वाद कशाचा? वाद आहे तो डाग दिसल्यावर काय करायचे याचा. एका टोकाला ‘काही नाही, घरी जा’ म्हणणारे डॉक्टर आहेत, दुसऱ्या टोकाला ‘तुकडा काढून तपासून घेऊ’ म्हणणारे. दोघांकडेही कारणे आहेत आणि ती कच्ची नाहीत.

तुकडा काढू म्हणणाऱ्यांची बाजू आधी ऐकू. त्यांचे म्हणणे सरळ आहे: रंगाच्या गाठीबद्दल खात्रीचा निकाल फक्त सूक्ष्मदर्शक देतो. डोळ्यांनी पाहून दिलेले निदान हे अनुभवाचे अनुमान असते. ज्या आधारावर हा डाग निरुपद्रवी म्हटला जातो, त्या आधारातल्या बाळांची संख्या अजून छोटी आहे. मोतीबिंदूबद्दल किंवा फाटलेल्या टाळूबद्दल वैद्यक जितक्या आत्मविश्वासाने बोलते, तितक्या आत्मविश्वासाने इथे बोलता येत नाही. शिवाय बाळाच्या तोंडात गडद रंगाने दिसणाऱ्या काही गोष्टी खरोखर गंभीर असतात. वरच्या जबड्यात उगवणारी आणि पाहता पाहता वाढणारी निळसर-काळी गाठ हे त्याचे उदाहरण. तान्ह्या वयातला हा मेलॅनिनयुक्त अर्बुद दुर्मीळ आहे, पण तो जबड्याचे हाड पोखरतो आणि तिथे थांबून पाहणे म्हणजे वेळ घालवणे. अशी एखादी केस पाहिलेला शल्यचिकित्सक तोंडातल्या काळ्या रंगाला हलक्यात घेणार नाही, आणि त्याने घेऊही नये.

पण ती गाठ असते, डाग नव्हे. फुगवटा, वेगाने वाढणारा आकार, वेडीवाकडी कड, एकाच डागात दोन-तीन रंग, व्रण किंवा रक्त, यांपैकी काही दिसले तर तपासणीबद्दल वाद घालण्याचे कारणच उरत नाही. जांभळट फुगवटा दाबल्यावर फिका पडत असेल तर तो रक्तवाहिन्यांचा प्रश्न असतो आणि त्याचा रस्ता वेगळा. वाद उरतो तो एकसारख्या रंगाच्या, गुळगुळीत, सपाट, जन्मापासूनच्या डागापुरता. त्यासाठी नवजात बाळाच्या जिभेला सुरी लावावी का?

जीभ हा रक्ताने भरलेला स्नायू आहे. बाळाला भूल द्यावी लागते, टाका घालावा लागतो, दूध पिणे काही काळ अडते. भुलीच्या भीतीबद्दल मात्र तोलून बोलायला हवे, कारण तिचा बाऊ करून आपली बाजू भक्कम करण्याचा मोह होतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल देण्याबद्दल इशारा दिला होता, हे खरे. पण तान्ह्या बाळांना दिलेल्या तासाभराच्या आतल्या एकाच भुलीचा पाच वर्षे मागोवा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले आणि बुद्धीच्या वाढीत फरक आढळला नाही. म्हणजे छोट्या शस्त्रक्रियेने मुलाचे डोके बिघडेल असे कुणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. आक्षेप वेगळाच आहे. सपाट जन्मडागात कर्करोग सापडण्याची शक्यता इतकी नगण्य आहे की तिच्यापायी केलेली जखम, मग ती लहान का असेना, हिशेबात बसत नाही. तोंडातला मेलॅनोमा हा मुख्यतः मोठ्यांचा आजार, आणि तोही बहुधा टाळूवर नाहीतर वरच्या हिरडीवर होतो.

म्हणून पारडे थांबून पाहण्याच्या बाजूला झुकते. आमचेही मत तेच. पण ‘काही नाही, घरी जा’ या वाक्याने हे काम होत नाही. थांबून पाहणे आणि पाहणे सोडून देणे यांत एका कागदाचे अंतर आहे, आणि उरल्यासारख्या ठिकाणी नेमका तोच कागद नसतो.

याचे कारण असे की या डागाच्या बाबतीत निदान ठरवणारा सर्वांत मोठा प्रश्न ‘कसा दिसतो’ हा नसून ‘कधीपासून आहे’ हा आहे. एक उदाहरण पाहा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर यांनी १९६२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. काही महिन्यांची, आईच्याच दुधावर वाढणारी बाळे मलूल होत होती, शिकलेले विसरत होती. मान धरणारे बाळ मान सोडून देई, हसणारे हसायचे थांबे. रक्त कमी, हातापायांत नकळत होणाऱ्या हालचाली, आणि त्वचेवर काळेपणा. मूळ सापडले ते आईच्या आहारात: ब-१२ जीवनसत्त्वाचा तुटवडा दुधातून बाळापर्यंत पोचला होता, आणि ते जीवनसत्त्व दिल्यावर बाळे सुधारली. या कमतरतेतला काळेपणा बोटांच्या पेरांवर ठळक दिसतो आणि कधी तोंडातही उमटतो. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना हे चित्र आजही अनोळखी नाही.

आता आठ महिन्यांचे एक बाळ डोळ्यांसमोर आणा. जिभेवर काळपट ठिपके, वजन जेमतेम, चेहरा थोडा सुस्त. ठिपके जन्मापासूनचे असतील तर सुस्तीचे कारण दुसरीकडे शोधायचे. ते गेल्या दोन महिन्यांत आले असतील तर आज, या घडीला, रक्त तपासायचे, कारण उशीर झाला तर मेंदूचे झालेले नुकसान पूर्ण भरून येईलच असे नाही. आईला विचारावे, तर ती म्हणते, ‘होते वाटतं. नाही, नीट बघितलं नाही.’ तिचा काय दोष? ओल्या बाळंतिणीने पिवळेपणा, नाळ, दूध आणि झोप यांतून वेळ काढून जिभेचा नकाशा पाठ ठेवावा ही अपेक्षाच चुकीची. ज्यांनी पाहायला हवे होते त्यांनी पाहून लिहिले नाही.

प्यूट्झ-जेगर्स या विकारातही वेळ हाच धागा. हॉलंडच्या प्यूट्झ यांनी १९२१ साली आणि अमेरिकेच्या जेगर्स व सहकाऱ्यांनी १९४९ साली वर्णन केलेल्या या आनुवंशिक विकारात ओठांभोवती, ओठांवर, गालाच्या आतल्या बाजूला तिळाएवढे गडद ठिपके येतात आणि आतड्यांत गाठी होतात. त्या गाठींमुळे आतडे आतड्यात शिरून मूल अचानक पोटदुखीने कळवळू शकते. हे ठिपके बहुधा जन्मानंतर, बालपणीच्या पहिल्या काही वर्षांत दिसू लागतात आणि त्यांची आवडती जागा ओठ, जीभ नव्हे. इथे तपासणीचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे आईबापांच्या ओठांकडे एक नजर टाकणे आणि घरात कुणाच्या आतड्याचे ऑपरेशन झाले होते का, हे विचारणे. पन्नास पैशांचाही खर्च नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत हेच राहून जाते.

‘आपल्याकडे सावळ्या वर्णामुळे असे असायचेच’ हे उत्तरही तपासून घ्यायला हवे. अर्धे खरे आहे. भारतीयांच्या हिरड्या काळसर असणे अगदी सामान्य, जिभेच्या शेंड्यावरचे बारीक उंचवटे गडद असणेही अनेकांत आढळते. पण हा रंग सहसा वयानुसार चढतो. जन्मदिवशी एका जागी ठळक डाग असणे ही वेगळी गोष्ट. पाश्चात्त्य पुस्तके गोऱ्या कातडीवरून लिहिली गेली म्हणून आपण त्यांची भीती उसनी घेऊ नये, हे मान्य. पण वर्णाच्या नावाखाली न पाहणे ही आपली स्वतःची आळशी सवय आहे, तिला पुस्तक जबाबदार नाही.

नोंद करा, एवढाच आमचा आग्रह. तो साधा वाटतो, पण त्याविरुद्धही बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिला आक्षेप कामाच्या ओझ्याचा. छत्तीसगडमध्ये घरोघरी पोचणारी आरोग्य कार्यकर्ती म्हणजे मितानीन. ही योजना २००२ साली सुरू झाली, देशभर ‘आशा’ नेमल्या जाण्याच्या आधी. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ पाहते. वजन, ताप, नाळ, श्वास, स्तनपान अशा कितीतरी गोष्टी तिच्या नोंदीच्या नमुन्यात आधीच आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने तीस आजार-व्यंगे शोधायची यादी दिली, त्यात फाटलेला ओठ आणि टाळू आहे. त्यात जिभेचा डाग एकतिसावा म्हणून घुसवावा का? आमचे उत्तर नाही असे आहे. निरुपद्रवी गोष्टीला आजारांच्या यादीत बसवले की ती आजार होते; मग ‘पाठवणी’चा शिक्का बसतो आणि उरल्याच्या कामगाराची एका दिवसाची मजुरी रायपूरच्या मेकाहारा या सरकारी रुग्णालयात किंवा टाटीबंधच्या एम्समध्ये ‘काही नाही’ हेच ऐकण्यात जाते. तेव्हा यादीत भर नको. पण टाळू फाटलेला नाही ना हे पाहायला प्रसूतीच्या खोलीत कुणीतरी बाळाचे तोंड उघडतेच. त्या वेळी नजर दोन बोटे पुढे आणून सुट्टीच्या कागदावर एक ओळ लिहायची. तीही डाग दिसला तरच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. काळी जीभ म्हणजे बोलेल ते वाईट खरे होईल, ही समजूत मराठी घरांत आहे आणि हिंदी मुलखातही ‘काली जुबान’ म्हणून ती तशीच नांदते. मुलाच्या जिभेवरच्या ठिपक्याचे कौतुक होऊ शकते, वाचासिद्धी आहे म्हणून. मुलीच्या वाट्याला बहुधा काळजिभी हा शब्द येतो आणि लग्नाच्या बोलण्यापर्यंत पाठ सोडत नाही. छत्तीसगडला तर टोनहीच्या, म्हणजे चेटकिणीच्या, नावाने बायकांना छळण्याचा इतिहास आहे. त्याविरुद्ध राज्याला २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला, आणि त्यात एखादीला टोनही ठरवणे हाच गुन्हा आहे. जिभेच्या डागावरून कुणाला टोनही म्हटले जाते असे आम्ही सुचवत नाही. पण ज्या समाजात बाईच्या अंगावरच्या खुणांना अर्थ लावण्याची खोड आहे, तिथे सरकारी कागदावर तिच्या जिभेची खूण लिहावी का, हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

यावर गप्प बसणे हा उपाय नाही असे आम्हाला वाटते. डाग घरच्यांना दिसणारच आहे. पहिल्यांदा रडतानाच दिसेल. प्रश्न इतकाच की त्याचा पहिला अर्थ कोण सांगणार, परिचारिका की शेजारीण. डॉक्टर काही बोलला नाही, त्याने तोंड पाहून नुसती मान हलवली, तर ती मोकळी जागा भरायला माणसे तयारच असतात. शब्द मात्र जपून हवेत. ‘काळी जीभ’ असे लिहू नये, ‘विकृती’ असे लिहू नये. ‘जिभेच्या डाव्या बाजूला सपाट तपकिरी जन्मखूण, तांदळाच्या दाण्याएवढी, उपचार नको’ एवढे पुरे. पाठीवरच्या जन्मखुणेसारखीच ही एक खूण, असे आईला सांगितले तर तिला ते लगेच कळेल. आणि फोटो काढला तर तो आईच्या फोनमध्ये राहावा, कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.

परदेशात बाळंतपण झालेल्या मराठी कुटुंबांना याचा एक दाखला माहीत असेल. आपल्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर निळसर डाग असतात, ते बालपणीच बहुधा फिके होतात. इंग्लंड-अमेरिकेत हे डाग बऱ्याचदा मारल्याचे वळ समजले गेले आणि आईबापांकडे संशयाने पाहिले गेले. म्हणून तिथे ते जन्मतःच कागदावर लिहून ठेवण्याचा आग्रह धरला जातो. त्या डागांना उपचार नाही, तपासणी नाही. तरी नोंद आहे, कारण उद्या कुणी ‘हे कधी आले?’ असे विचारले तर उत्तर हाताशी असावे.

नोंद नसल्यामुळे घरात काय चालते तेही पाहा. डाग म्हणजे मळ, असे समजून जीभ घासली जाते. बोट ओल्या कपड्यात गुंडाळून, मग मध लावून, मग टाकणखार मधात कालवून. रायपूर-भिलाईच्या जुन्या मराठी घरांत बाळाला चाटण देण्याची, वाणी शुद्ध व्हावी म्हणून वेखंड उगाळून जिभेला लावण्याची रीत आहे, आणि डाग दिसल्यावर तिला जोर चढतो. हेतू मायेचा असतो. पण वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो, आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो तान्ह्याच्या पोटात विषच आहे. एका निरुपद्रवी खुणेपायी बाळाला खरा अपाय होतो तो असा. आमच्या दृष्टीने या सगळ्या चर्चेतला हा सर्वांत जवळचा धोका, कर्करोगाच्या भीतीपेक्षा कितीतरी जवळचा. डागाबद्दल बोलणाऱ्या परिचारिकेने दुसरे काही सांगितले नाही तरी चालेल, ‘घासू नका, चाटवू नका’ हे सांगितलेच पाहिजे. जांभळ्या रंगाची जीभ पाहून घाबरणाऱ्यांनी घरात तोंडातल्या बुरशीसाठी जेन्शन व्हायोलेट लावले होते का, हे आधी आठवावे.

राहिला प्रश्न डाग ‘वाढतो’ आहे या तक्रारीचा. सहा महिन्यांच्या बाळाचा डाग जन्मदिवसापेक्षा मोठा दिसणारच, कारण जीभही मोठी झालेली असते. मिलिमीटरमध्ये मोजले तर प्रत्येक बाळाचा डाग वाढलेला निघेल आणि प्रत्येक आई रांगेत उभी राहील. मोजायचे ते जिभेच्या रुंदीतला त्याचा वाटा: पाचवा हिस्सा होता, पाचवाच आहे, तर काळजी नाही, पाचव्याचा तिसरा झाला तर दाखवायला हवे. यासाठी पट्टी नको, जुना फोटो पुरतो. पण जुना फोटो हवा, आणि तो पहिल्या आठवड्यातला हवा.

आणि किती काळ पाहायचे? या डागांचा आयुष्यभर मागोवा घेतलेला अभ्यास हाताशी नसताना कायमची सुट्टी देणे घाईचे, आणि दर तीन महिन्यांनी तज्ज्ञाकडे बोलावणे उरल्याच्या माणसाला न परवडणारे. लसीकरणाचे वेळापत्रक यात आपोआप मदतीला येते: सहावा, दहावा, चौदावा आठवडा, नववा महिना, मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणि पुढे पाच-सहा वर्षांचे असताना. लस टोचली की मूल रडते, तोंड सताड उघडते, आणि जीभ पाहायला याहून सोयीची वेळ नाही. सुट्टीच्या कागदावरून लसीकरणाच्या कार्डावर उतरवलेली ओळ वाचायची, नजर टाकायची, ‘तसाच’ असे लिहायचे. पुढे अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा बाल स्वास्थ्य पथक येतेच. कुटुंब तोवर कदाचित दुसऱ्या कारखान्यामागे सिलतऱ्याला किंवा परत बलियाला गेलेले असेल. कार्ड बरोबर असेल तर तिथल्या परिचारिकेलाही ती ओळ पुरेल.